सुभेदार सीतारामाची साक्ष

आपल्या धर्मग्रामांतून अलीकडे एक नवा ग्रंथप्रकार रूढ होऊ लागला आहे. घराण्याचा इतिहास सांगणारी पुस्तिका हा तो प्रकार होय. वडिलोपार्जित घराला शंभर वर्षे पूर्ण झाली किंवा आजी-आजोबांच्या विवाहाचा हीरक महोत्सव आला, की कुटुंबातील एखादे निवृत्त शिक्षक लेखणी उचलतात, परदेशी स्थायिक झालेली भावंडे छपाईचा भार घेतात, आणि मुखपृष्ठावर चर्चचा मनोरा असलेली चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका मंडपात हातोहात वाटली जाते. उपक्रम स्तुत्य आहे. ब्राह्मण कुळांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठीत निघत आले आहेत. नांगरामागे आणि होडीमागे आयुष्य काढलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी आपली कुळकथा लिहावयास घेतली याला उशीरच झाला, असे म्हटले पाहिजे.

मात्र या पुस्तिकांची समीक्षा कोणी करीत नाही. त्या घरच्या म्हणून प्रेमाने वाचल्या जातात आणि कपाटात जातात. आमच्या वाचनात आलेल्या पुस्तिकांतून एक पूर्वज वारंवार भेटतो. तो एकोणिसाव्या शतकातला शेतकरी. तरुणपणी घर सोडून ‘साहेबाच्या पलटणीत’ गेला, कुठल्याशा लढाईत जखमी झाला, पदक घेऊन परतला आणि उरलेले आयुष्य वाडीत शिंपणे करीत जगला. असा पूर्वज असणे अशक्य नाही. परंतु पिढी जितकी मागे जावी तितका त्याचा हुद्दा वर चढत जातो, हा अनुभव मनात शंका उत्पन्न करणारा आहे. शिपायाचा हवालदार होतो, हवालदाराचा सुभेदार. कागद मागितला तर ‘वडीलधारी मंडळी सांगत’ एवढेच उत्तर मिळते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी वाचकास परिचयाचा आहे. बखरीवर राजवाड्यांनी केलेला हल्ला पुष्कळांना कठोर वाटला. पण बखर सर्वस्वी टाकून द्यावी, असा धडा त्यातून घेण्याचे कारण नाही. प्रत्येक साक्षीदाराला तो कोण, कोणाला सांगतो आणि कशासाठी सांगतो हे विचारावे, इतकेच त्यातून शिकावयाचे. घराण्याच्या इतिहासाला हा प्रश्न कसा विचारावा, हे दाखविण्यासाठी आम्ही येथे आपल्या मुलखाबाहेरील एक पुस्तक घेत आहोत. त्याचा नायक शेतकऱ्याचा मुलगा आणि शिपाई आहे, त्याचा काळ एकोणिसावे शतक आहे, आणि तो खरोखर होऊन गेला काय, याविषयी अभ्यासकांत आजही एकवाक्यता नाही.

‘फ्रॉम सिपॉय टु सुबेदार’ हे ते पुस्तक. अवधमधील तिलोईच्या परिसरातील सीताराम पांडे हा ब्राह्मण शेतकऱ्याचा मुलगा १८१२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात दाखल झाला. नेपाळची लढाई, पेंढाऱ्यांवरील मोहीम, १८२५-२६ चा भरतपूरचा वेढा, अफगाणिस्तानची स्वारी, शिखांशी झालेली युद्धे आणि अखेर १८५७ चा उठाव एवढे सारे पाहून तो १८६० साली सुभेदार म्हणून निवृत्त झाला. काबूलहून झालेल्या भीषण माघारीत तो पकडला गेला, काबूलच्या बाजारात गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निसटून परत आला. बंगाल लष्करातील अधिकारी जेम्स नॉरगेट यांच्या हाती १८६१ साली त्याच्या आठवणींचे हस्तलिखित आले, त्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १८७३ साली तो लाहोर येथे प्रसिद्ध झाला, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. पुढे फिलॉट या अधिकाऱ्याने १९१० साली त्याचे उर्दू रूपांतर ‘ख्वाब-ओ-खयाल’ या नावाने केले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या भाषा-परीक्षेसाठी हे पुस्तक नेमले जाई. १९७० साली जेम्स लंट यांनी संपादिलेली आवृत्ती निघाली, आणि आज बहुतेक वाचक हे पुस्तक ओळखतात ते तिच्यामुळे.

आता अडचण अशी की, मूळ हस्तलिखित कोणी पाहिलेले नाही. सीतारामाने आपल्या बोलीत जे काही लिहिले असेल ते नाहीसे झाले. हाती आहे तो केवळ अनुवाद. मराठी वाचकाला या उणिवेचे मोल चटकन कळावे, यासाठी आपल्याकडील एक उदाहरण देतो. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात केलेल्या प्रवासाचा वृत्तांत ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, तो बराच संस्कार करून. परंतु मूळ हस्तलिखित शाबूत राहिले, आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता छापल्यावर भटजी कोठे बोलतात आणि संपादक कोठे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येऊ लागले. सीतारामाच्या बाबतीत हे शेजारचे पान कायमचे फाटलेले आहे. म्हणून त्याची पारख ग्रंथाच्या आतूनच करावी लागते.

सेमिनरीत पवित्र शास्त्राचा अभ्यास करताना बाह्य पुरावा आणि अंतर्गत पुरावा अशी विभागणी आम्हांस शिकविण्यात आली होती. तिच्यातील एक जुना दंडक असा, की दोन पाठ समोर आले तर अवघड पाठ अधिक विश्वसनीय मानावा. कारण नक्कल करणारा सोपे करतो, कोणी मुद्दाम अवघड करीत नाही. त्याच धर्तीवर साक्षीदाराला गैरसोयीचा असलेला तपशील सोयीच्या तपशिलापेक्षा भरवशाचा असतो. या दंडकाने सीतारामाचे पुस्तक वाचावे.

पुस्तकाच्या आरंभीच सीताराम आपल्या वडिलांची, गंगादीन पांडे यांची, ओळख करून देतो. ते सुखवस्तू शेतकरी होते आणि त्यांची जमीन सुमारे दीडशे एकर होती, असे तेथे आहे. अवधचा शेतकरी आपली जमीन बिघ्यात सांगेल. एकर हा शब्द साहेबाचा. हा तपशील खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. अनुवादकाचे बोट येथे शाईत उमटले आहे, एवढेच. असे बोट एकदा दिसले, की पुढे प्रत्येक पानावर ते शोधणे क्रमप्राप्त होते. आपल्या घरगुती पुस्तिकांतूनही हेच घडते. आजोबांनी ‘गुंठा’ म्हटले असेल तेथे नातू ‘स्क्वेअर फूट’ लिहितो, आणि त्या शब्दाबरोबर आजोबांचा काळही निघून जातो.

याच्या पुढचे पान मात्र वेगळ्या मोलाचे आहे. सीतारामाचा मामा हनुमान हा कंपनीच्या पलटणीत जमादार. तो रजेवर घरी येतो तेव्हा त्याच्या गळ्यातील सोन्याच्या मण्यांची माळ आणि चकचकीत बटणांचा लाल कोट पाहून पोराचे डोळे दिपतात. इतके कोणीही रचू शकेल. आई विरोध करते, हेही अपेक्षितच. पण वडील संमती का देतात? आंब्याच्या चारशे झाडांच्या एका बागेवरून त्यांचा दावा चालू होता, आणि मुलगा कंपनी बहादुरच्या चाकरीत असला तर लखनौच्या दरबारी आपल्या फिर्यादीची दाद लागेल, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या मते हे संबंध पुस्तकातील सर्वांत सच्चे स्थळ आहे. यात पराक्रम नाही, राजनिष्ठा नाही आणि वडिलांची थोरवी तर मुळीच नाही. एका शेतकऱ्याने बागेपायी मुलगा पलटणीला दिला, ही गोष्ट कोणत्याही घराण्याला मिरवावीशी वाटणार नाही. शिवाय ती इतिहासाशी तंतोतंत जुळते. अवध हे त्या वेळी नबाबाचे राज्य होते. तेथून कंपनीच्या सैन्यात गेलेल्या शिपायांना आपल्या कुटुंबाची जमिनीसंबंधीची गाऱ्हाणी लखनौच्या ब्रिटिश रेसिडेंटमार्फत मांडण्याची सवलत होती. गावात अशा घराचा दबदबा असे. १८५६ साली कंपनीने अवध खालसा केले, तेव्हा ही सवलतच निरर्थक झाली आणि शिपायांच्या असंतोषात एका कारणाची भर पडली. शिपाई आणि शेतकरी हे दोन वेगळे व्यवसाय आहेत असे आपण आज मानतो. सीतारामाच्या घरात पलटणीतली चाकरी हा शेती टिकविण्याचाच एक उपाय होता.

दुसरे असे स्थळ अफगाणिस्तानातून परतल्यानंतरचे. कैद भोगून, मरणाच्या दाढेतून आलेल्या या शिपायाला गावात मिरवणूक नाही. परमुलखात राहून, यवनाघरी राबून तो बाटला, म्हणून भाऊबंद त्याला दूर ठेवतात आणि प्रायश्चित्ताचा खर्च त्याच्या माथी बसतो. ज्या सरकारसाठी तो गेला त्या सरकारने ही भरपाई केली नाही. लष्कराच्या इतिहासांतून अफगाण युद्धाचे नकाशे, तोफा आणि सेनापती मिळतात. घरी परतलेल्या माणसाला ताट कोठे वाढले, हे त्यांतून मिळत नाही. येथे सीतारामावर विश्वास ठेवावा लागतो. निदान हे सांगणारा त्या समाजातला होता, एवढे तरी मान्य करावे लागते.

आता उलट बाजू पाहू. पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १८५७ च्या उठावानंतरचा आहे. पकडलेल्या बंडखोर शिपायांना गोळ्या घालण्यासाठी नेमलेल्या तुकडीवर सीताराम असतो. कैद्यांची नावे विचारताना त्यांत आपला मुलगा अनंतीराम असल्याचे त्याला कळते. तो आपल्या मेजरकडे जाऊन या कामातून मुक्त करण्याची विनंती करतो. ती मान्य होते, मुलगा मारला जातो आणि प्रेताचा अंत्यविधी करण्याची परवानगी बापाला मिळते. हा प्रसंग वाचून डोळे पाणावतात हे खरे. पण समीक्षकाने डोळे पुसून पुन्हा वाचावे. रुस्तुम आणि सोहराब यांच्या कथेपासून बाप-लेकांची अशी गाठ कथाकारांनी अनेकदा घातलेली आहे. १८७३ च्या इंग्रज वाचकाला हवा होता तो राजनिष्ठ वृद्ध शिपाई येथे त्याला पूर्णाकृती मिळतो. सोय इतकी मोठी आहे, की संशय घेणे भागच पडते.

तरीही निकाल एकतर्फी देता येत नाही. रचणाऱ्याला ही कथा आणखी चढविता आली असती. निष्ठावंत बाप स्वतःच्या मुलावर गोळी झाडण्याचा हुकूम देतो, अशी शेवटची पायरी त्याला मोकळी होती. सीताराम ती चढत नाही. तो सुटका मागतो. निष्ठेच्या कथेत ही विनंती अडचणीची आहे आणि म्हणूनच ती लक्षणीय आहे. प्रसंगाचा गाभा घडलेला असावा आणि त्याची मांडणी इंग्रजी अनुवादात घोटीव झाली असावी, असे आमचे अनुमान आहे. अनुमान यापुढे नेण्यास आधार नाही.

एका स्थळाचा उल्लेख आम्ही टाळला तर तो पक्षपात होईल. पूर्वीचे साहेब शिपायांत मिसळत, त्यांचे खेळ पाहत, नाचगाण्यास येऊन बसत. आता पाद्री साहेबांनी हे पाप असल्याचे सांगितल्यामुळे ते येत नाहीत, आणि अधिकारी व शिपाई यांच्यात दुरावा उत्पन्न करणाऱ्या पुष्कळ गोष्टी या पाद्र्यांनी केल्या, अशी तक्रार सीताराम करतो. कंपनीच्या छावण्यांतील हे पाद्री बहुतांशी प्रॉटेस्टंट होते हे खरे, पण तेवढ्याने आम्हांस हात झटकता येत नाहीत. झग्यातील माणूस दोन माणसांमध्ये भिंत होऊ शकतो, हे ऐकून घेतलेले बरे. मात्र समीक्षेच्या दृष्टीने येथेही प्रश्न उरतोच. नव्या पिढीचे साहेब शिपायांची भाषा नीट शिकत नाहीत, त्यांच्यात मिसळत नाहीत, अशी कुरकुर त्या काळचे जुने इंग्रज अधिकारीही करीत असत. तेव्हा ही तक्रार सुभेदाराची, त्याच्या अनुवादकाची, की दोघांची, हे वेगळे काढता येत नाही. जेथे साक्षीदार आणि त्याचा लेखनिक यांचे हितसंबंध एक होतात, तेथे साक्ष दुप्पट होत नाही. ती एकच राहते.

मग बाहेरचा पुरावा? समजा, तिलोईकडील एखाद्या पांडे कुटुंबाने हा सुभेदार आपला खापरपणजोबा म्हणून शोधावयाचे ठरविले, तर त्याने कोठे जावे? प्रथमदर्शनी वाटते, की लष्कराइतके कागद कोणीच ठेवीत नाही. हे अर्धेच सत्य आहे. लंडनमधील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत कंपनीच्या युरोपीय सैनिकांच्या हजेरीपटांची आणि जहाजावर चढल्याच्या नोंदींची रांगच्या रांग आहे. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रती आहेत, पण त्याही मुख्यतः युरोपीय आणि मिश्रवंशीय लोकांच्या. देशी शिपायाची वैयक्तिक नोंद असे ती त्याच्या पलटणीच्या दप्तरात. बंगाल लष्कराच्या बहुतेक पायदळ पलटणी १८५७ साली उठल्या किंवा निःशस्त्र करण्यात आल्या, छावण्यांतील कचेऱ्या जळाल्या. जो इतिहास शोधावयाचा, त्याच इतिहासाने त्याचे कागद खाल्ले. उरतात त्या विखुरलेल्या खुणा. १८३७ साली स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ आणि ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सन्मानांचे मानकरी, पदकांच्या याद्या, पेन्शनच्या नोंदी. त्यांतही सीताराम हे नाव अवधमध्ये किती जणांचे असेल, याची कल्पना करावी. नाव जुळणे म्हणजे माणूस सापडणे नव्हे. नाव, गाव, पलटण आणि साल या चारही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. सीतारामाच्या पुस्तकात पलटणींचेच उल्लेख इतके निसटते आहेत, की ही साखळी पहिल्याच कडीशी तुटते. त्याच्या विरोधकांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरण कोरेगाव भीमाच्या स्तंभाचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत, आणि ज्या नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय येतो ती महार शिपायांची म्हणून ओळखता येतात. मुंबईच्या लष्करात मराठे, महार, बेने इस्रायली असे अनेक समाज एकाच पलटणीत असत, आणि बढती निव्वळ ज्येष्ठतेवर नसे; बंगालच्या लष्कराहून ते या बाबतीत वेगळे होते. स्तंभावरील नावांना आत्मवृत्त नाही, मामाच्या गळ्यातील माळ नाही, आंब्याची बाग नाही. पण ती माणसे होऊन गेली याविषयी कोणी वाद घालू शकत नाही. एकीकडे कथा आहे आणि माणूस सापडत नाही. दुसरीकडे माणूस आहे आणि कथा सापडत नाही. वंशजांना दोन्हीही हवे असते, आणि दोन्हींच्या मधली रिकामी जागा भरण्याचा मोह तेथेच होतो.

हा मोह आपल्या पुस्तिकांत कसा शिरतो ते आता पाहू. आपल्याजवळ एक साधन असे आहे, जे सीतारामाच्या गावाजवळ नव्हते. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती अशी पाच पुस्तके ठेवण्यास सांगितले. त्यामुळे ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी सही केली नाही, त्याचेही नाव चर्चच्या कपाटात सापडू शकते. बाप्तिस्म्याची नोंद तीन-चार ओळींची असते: बालकाचे नाव, आई-बाप, धर्मपिता, धर्ममाता, तारीख. घराण्याच्या इतिहासकाराने यांतील धर्मपिता आणि धर्ममाता ही नावे बहुधा सोडून दिलेली असतात. तसे करू नये. एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच पोर्तुगीज आडनावाचे तीन पुरुष एकाच काळी नांदत असतात. त्यांतला आपला कोणता, हे पुष्कळदा धर्मपित्याच्या नावावरूनच ठरते. भावकी त्या ओळीत दडलेली असते.

या पुस्तकांना स्वतःच्या मर्यादाही आहेत. मुंबई परिसरात पाद्रुआदो आणि प्रोपागंडा यांचा अधिकारवाद १८८६ च्या करारापर्यंत चालू होता. त्या काळात एखादे कुटुंब गावचे चर्च सोडून दुसऱ्या पक्षाच्या चर्चमध्ये जाई आणि दहा-वीस वर्षे आपल्या पुस्तकातून अदृश्य होई. ‘आमचे पूर्वज तेव्हा परगावी होते’ असे लिहिण्यापूर्वी शेजारच्या चर्चचे पुस्तक पाहावे. शिपाई झालेल्या पूर्वजाची अडचण याहून मोठी. तो बाप्तिस्म्याच्या पुस्तकात असतो, बहुधा विवाहाच्याही. मृत्यूच्या पुस्तकात मात्र नसतो, कारण त्याला माती मिळाली ती दुसऱ्या कुठल्या छावणीत. ही कोरी जागा कल्पनेने भरू नये. ‘मृत्यूची नोंद येथे नाही’ हे वाक्य घराण्याच्या इतिहासात छापले तर त्यात कमीपणा कसला?

आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. पुष्कळ पुस्तिकांचे पहिले प्रकरण धर्मांतरापूर्वीच्या जातीवर असते आणि ती जात बहुधा उच्चच निघते. कागद विचारला तर उत्तर पुन्हा ‘वडीलधारी सांगत’ हेच. सोळाव्या शतकातील कुटुंबागणिक पुरावा सहसा कोणाजवळ नसतो, मग मनाजोगी जात निवडण्यास आडकाठी कसली? सीतारामाचे पुस्तक वाचलेल्याला या हौसेतील विसंगती जाणवेल. त्याला परतल्यावर दाराबाहेर उभे करणारी तीच व्यवस्था आपण वंशावळीच्या पहिल्या पानावर अभिमानाने टांगतो. संत मत्तयाने शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभूची वंशावळ दिली आहे. तिच्यात तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे आणि उरीयाची पत्नी आहे. कोणत्याही कुलवृत्तांतकाराने सोयीस्करपणे गाळली असती अशी ही नावे आहेत. चौदा-चौदा पिढ्यांच्या मांडणीसाठी मत्तय तीन राजे गाळतो, हे जुन्या कराराशी ताडून पाहिल्यास दिसते. संत लूकची यादी तर योसेफाच्या पित्यापाशीच वेगळी होते. म्हणजे शुभवर्तमानकारांनीही निवड केली, मांडणी केली. पण लपविण्यासारखे जे होते, ते मत्तयाने लपविले नाही.

सीतारामाच्या पुस्तकाविषयी आमचे मत यावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते एका माणसाचे विश्वसनीय आत्मचरित्र म्हणून स्वीकारण्यास आम्ही तयार नाही. बनावट म्हणून फेकून देण्यासही तयार नाही. युद्धांची वर्णने आणि राजनिष्ठेची भाषणे भराभर उलटावीत. घर, बाग, भाऊबंद, रजा, पगार, प्रायश्चित्त यांविषयीची पाने सावकाश वाचावीत. लंट यांची आवृत्ती इंग्रजी जाणणाऱ्यांस सोयीची आहे. मधुकर उपाध्याय यांनी १९९९ साली हे पुस्तक अवधीत आणले, ‘किस्सा पाँड़े सीताराम सूबेदार’ या नावाने. इंग्रजीत गेलेला सुभेदार सव्वाशे वर्षांनी आपल्या बोलीत परतला, याचा आनंद आहेच. पण ती पुन्हा नवी रचना आहे, हरवलेले हस्तलिखित नव्हे, हे विसरू नये. मराठीत हे पुस्तक आणण्याचे कोणी मनावर घेतले, तर त्याने एकराचा बिघा परस्पर करू नये.

राहता राहिला शोधाचा मार्ग. आमच्या दृष्टीने अभ्यासकांनी सीतारामाला आजवर मुख्यतः पलटणीत शोधले, आणि तेथे तो सापडणे सर्वांत अवघड होते. शिपाई फिरतो, शेत फिरत नाही. मुंबई इलाख्यात १८३५ साली इंदापूरपासून जमिनीची नवी मोजणी सुरू झाली आणि पुढे ठाणे जिल्ह्यातही आली. त्या मोजणीचे जुने कागद, त्यानंतरचे फेरफार आणि आजचा सातबारा यांतून एकाच शेताच्या मालकांची साखळी मागे मागे नेता येते. मोडी लिपीतील कागद आढळला तर तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. अंदाजाने लावू नये. ज्या घरात ‘पलटणीतले आजोबा’ सांगितले जातात, त्या घराने आधी त्यांचे शेत शोधावे: ते कोणत्या साली कोणाच्या नावावर होते, मध्ये गहाण पडले काय, आणि सोडविले तर कोणत्या साली. शिपायाचा पगार घरी आला असेल तर तो बहुधा तेथेच उमटलेला असतो. अवधमध्येही १८५८ नंतर इंग्रजांनी गावोगाव मोजणी केली, आणि त्या कागदांत शेतजमिनीबरोबर आमराईंचीही दखल घेतली गेली. गंगादीन पांडे यांची चारशे झाडांची बाग काल्पनिक नसेल, तर तिलोईच्या आसपासच्या कोणत्यातरी गावच्या खसऱ्यात तिचा क्रमांक असला पाहिजे आणि त्या क्रमांकापुढे कोणाचे तरी नाव.